चित्रपटगृहे, सातारा व सांगली जिल्ह्यांतील

ठरावीक वेळी, शुल्क आकारून, जमलेल्या प्रेक्षकसमुदायास चित्रपट दाखविण्यासाठी बांधलेली किंवा तात्पुरती उभारलेली वास्तू म्हणजे चित्रपटगृह. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तिची दोन रूपे आढळतात : शहरांतील व तालुक्यांच्या गावांतील पक्की चित्रपटगृहे आणि जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरणारे तंबू. आंतरजालावरून घरबसल्या चित्रपट पुरविणाऱ्या सेवांमुळे (ओटीटी) या दोहोंच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत इ. विलीन संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या करमणुकीच्या इतिहासाचा विचार एकत्र करणेच इष्ट ठरते.

या इतिहासाचा आरंभ चित्रपटाच्या पूर्वीचा आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर हा नाट्यप्रयोग केला. अप्पासाहेबांच्या निधनानंतर (१८५१) राजाश्रय आटला, तेव्हा भावे यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत प्रयोग केले. आश्रयदाता गेल्यावर प्रेक्षकाच्या पैशावर कला जगविण्याचा हा प्रयत्न पुढील सर्व नाटकमंडळ्यांचा व पर्यायाने चित्रपटगृहांचाही पाया ठरला. गोविंद बल्लाळ देवल व कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे नाटककार याच परिसरातले. प्रेक्षकगृह, तिकिटांचे दर्जे, पदांना मिळणारे ‘वन्स मोअर’ या गोष्टी येथील प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. चित्रपट आला तो तयार प्रेक्षकापुढे.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविली गेली आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला. सांगलीपासून सु. ५० किमी. वरील कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी व १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाल्याने चित्रनिर्मितीचे केंद्रच या जिल्ह्यांच्या शेजारी आले. मूकपट असेपर्यंत नाटकाला त्याचा फारसा धोका जाणवला नाही. गाणे आणि संवाद हे नाटकाचेच बळ होते. आलम आरा (१९३१) व अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटांनी ते बळ काढून घेतले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बलवंत संगीत मंडळीचे हे प्रमुख गायक-नट त्या काळी सांगलीत वास्तव्यास होते. बोलपटाशी स्पर्धा करण्याऐवजी त्यातच उतरावे, या विचाराने त्यांनी बलवंत पिक्चर्स ही संस्था काढून कृष्णार्जुन युद्ध (१९३४) हा चित्रपट निर्माण केला. तो अपयशी ठरला, संस्था कर्जात बुडाली आणि कुटुंबाला सांगली सोडावी लागली. दीनानाथांना गायन कमी पडले नव्हते. कमी पडले ते नव्या धंद्याचे तंत्र आणि भांडवल. आजच्या चित्रपटगृहचालकांची अडचण याहून फार वेगळी आहे, असे म्हणता येत नाही.

शहरांतील चित्रपटगृहांचा उत्कर्षकाल स्थूलमानाने स्वातंत्र्योत्तर तीन दशकांचा मानावा लागेल. साताऱ्यातील राजलक्ष्मी व राधिका, सांगलीतील स्वरूप यांसारख्या चित्रपटगृहांची नावे शहरांच्या बोलीत खुणेच्या जागा म्हणून रूढ झाली. आठवडी बाजारासाठी आलेला शेतकरी बाजार आटोपून दुपारचा खेळ पाही आणि शेवटच्या एस. टी. ने गावी परते. खेळाच्या वेळा ठरविताना चालकांना एस. टी. चे वेळापत्रक पहावे लागे, ही गोष्ट लहान दिसली, तरी चित्रपटगृह हे शहराइतकेच खेड्यांचेही होते, हे तीवरून ध्यानात येते.

ज्यांना शहर गाठणे शक्य नव्हते, त्यांच्याकडे तंबू जाई. हे या परिसराचे खरे वैशिष्ट्य होय. पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पाल येथील खंडोबाची, म्हसवड व खरसुंडी येथील सिद्धनाथाची अशा मोठ्या यात्रा येथे भरतात आणि सुगीनंतर गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. जत्रेच्या मैदानात तमाशाचे फड, पाळणे व खेळण्यांची दुकाने यांच्या शेजारी कनात उभी राही. मालमोटारीत प्रक्षेपक यंत्र, वीजजनित्र, कर्णे व फिल्मच्या पेट्या असत. प्रेक्षक जमिनीवर, पोत्यावर किंवा सतरंजीवर बसत. एका यंत्रावर काम चाले तेथे रीळ संपले की खेळ थांबे, सु. ६०० मी. चे रीळ वीस-बावीस मिनिटे पुरे. प्रती बहुधा जुन्या, ओरखड्यांनी भरलेल्या असत आणि तुटलेली फिल्म चालक जागेवरच जोडीत. पावसाळ्यात तंबू बंद. तात्पुरता परवाना, ग्रामपंचायतीची संमती, जागेचे भाडे व वितरकाचे पैसे एवढे सर्व भागवून तिकीट मात्र शेतमजुराला परवडेल असेच ठेवावे लागे. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष याच परिसरात असल्याने तमाशाचा व तमाशापटाचा प्रेक्षक एकच होता, असे म्हणण्यास हरकत नाही. शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी पटकथा-गीते लिहिली ती कोल्हापूर-पुण्याच्या चित्रसंस्थांसाठी. माणदेशातील अनेकांपर्यंत ती पोहोचली मात्र या कनातींतून.

चित्रपटगृहे संपली, असे भाकीत यापूर्वीही झाले होते. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. १९८० नंतर दूरदर्शनचा प्रसार, ध्वनिचित्रफिती व भाड्याने मिळणारे व्हिडिओ संच आणि १९९१ नंतर केबल व उपग्रह वाहिन्या आल्या. प्रत्येक वेळी प्रेक्षक घटला, काही चित्रपटगृहे बंद पडली, काहींची मंगल कार्यालये वा दुकानांचे गाळे झाले. पुढे फिल्मऐवजी अंकीय प्रक्षेपण आले. त्यामुळे नवा चित्रपट मुंबईत व तालुक्याच्या गावी एकाच दिवशी लागू लागला, हा लाभ खरा; पण नव्या यंत्राचा खर्च तंबूच्या आवाक्याबाहेरचा होता. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रगृहांवरील द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) या माहितीपटात हे संक्रमण टिपलेले आहे.

ओटीटी सेवांचा आघात दोन कारणांनी वेगळा आहे. एक, २०१६ मध्ये मोबाइलवरील आंतरजाल एकदम स्वस्त झाले आणि त्याच वर्षी मोठ्या परदेशी सेवा भारतात आल्या. दूरदर्शन संच घराला एक असे व घरातील सर्वजण त्यापुढे बसत. मोबाइल व्यक्तीगणिक असतो. दोन, करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून चित्रपटगृहे बंद राहिली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली व ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. या काळात काही चित्रपट थेट ओटीटीवर आले. यात्राही भरल्या नाहीत, त्यामुळे तंबूंचे हंगामच्या हंगाम बुडाले. सांगलीस तर ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या कृष्णेच्या महापुरांनीही ग्रासले.

करांचा परिणामही लक्षात घ्यावयास हवा. मराठी चित्रपटांस महाराष्ट्रात करमणूक करातून सूट होती. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा लाभ संपला. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के व त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ व १८ टक्के झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील दर ५ टक्क्यांवर आला. लहान गावांतील एकपडदा चित्रपटगृहांस शेवटची सवलत विशेष उपयुक्त आहे; बहुपडदा संकुलांचे तिकीट सामान्यतः या मर्यादेच्या पलीकडे असते.

प्रेक्षक चित्रपटगृहाकडे पाठ फिरवून बसला आहे, असे मात्र दिसत नाही. सैराट (२०१६) आणि बाईपण भारी देवा (२०२३) या चित्रपटांस लोक समूहाने गेले. दुसऱ्यास तर स्त्रिया शेजारणी-मैत्रिणींसह गेल्या. असे चित्रपट वर्षातून मोजके येतात, चित्रपटगृहाचे वीजबिल व पगार मात्र बारा महिन्यांचे असतात. या व्यवसायाची खरी कोंडी येथे आहे. ओटीटी सेवा हिंदीच्या मानाने मराठी चित्रपट कमी घेतात. म्हणून तालुक्याचे चित्रपटगृह बंद पडले की मध्यम प्रतीच्या मराठी चित्रपटाचे उत्पन्नाचे एक दारच बंद होते. हे नुकसान प्रेक्षकसंख्येच्या घटीपेक्षाही प्रस्तुत लेखकास अधिक गंभीर वाटते.

यापुढे टिकतील ती कमी आसनांची, दोन-तीन लहान पडद्यांची व माफक तिकिटाची चित्रपटगृहे, असे अनुमान करता येते. हजार आसनांच्या जुन्या वास्तूचे तसे विभाजन करण्यास भांडवल लागते. जुन्या जागेवर नवे बांधकाम करताना त्यात चित्रपटगृह ठेवण्याची अट मालकांस जाचक वाटते व ती काढून टाकावी, अशी त्यांची मागणी आहे. अट काढल्यास मोक्याच्या जागी दुकाने होतील आणि ठेवल्यास वास्तू कुलूपबंद पडून राहतील. अट ठेवून लहान पडद्यांच्या बांधणीस अल्पव्याजी कर्ज देणे, हा मधला मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.