पाचव्या रोगाची गोष्ट



मागच्या बैठकीत एका सुनेने आम्हाला विचारलं, "ताई, दीड महिन्याच्या बाळाला मांडीत सुई देतात. ताप येतो, बाळ रात्रभर किरकिरतं. पाच रोगांची लस म्हणतात, पण त्यातला पाचवा रोग आम्ही कुणी पाहिलासुद्धा नाही. मग कशाला?" घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ही चार नावं तिच्या सासूबाईंनाही ठाऊक होती. पाचवं नाव हिब. आज त्याचीच गोष्ट.

हिब हा एक जंतू. त्याची जात 1892 साली फ्लूच्या साथीत सापडली. फ्लू यानेच होतो, असं डॉक्टरांना वाटलं. तो समज खोटा ठरला, पण या जंतूच्या नावात फ्लू राहूनच गेला. हिब करतो ते निराळंच. तान्ह्या बाळाच्या मेंदूच्या आवरणाला तो सूज आणतो, म्हणजे मेंदूज्वर. फुप्फुसात शिरला तर न्यूमोनिया. औषध मिळूनही किती मुलं दगावत. वाचलेल्यांपैकी कुणी बहिरं होई, कुणाला झटके येत.

या जंतूच्या अंगावर साखरेच्या जातीचं एक कवच असतं. तान्ह्या बाळाच्या शरीराला ते नीट ओळखता येत नाही. म्हणून 1985 साली अमेरिकेत आलेली पहिली लस मोठ्या मुलांनाच उपयोगी पडली. रोग मात्र जास्त लहानग्यांना. मग शास्त्रज्ञांनी ते कवच बाळाचं शरीर ओळखेल अशा प्रथिनाला जोडलं. 1990 पासून तिथे तान्ह्या बाळांनाही ही लस मिळू लागली.

पण गरिबाच्या घरी तिचा उपयोग होईल का? हे दाखवलं आफ्रिकेतल्या गांबिया या भुईमूग पिकवणाऱ्या छोट्या देशाने. तिथे आधी 42 हजारांवर बाळांमध्ये चाचणी झाली. 1997 पासून लस सगळ्यांसाठी सुरू झाली. त्याआधी वर्षाच्या आतल्या एक लाख बाळांमागे दरवर्षी दोनशेहून जास्त जणांना हिबचा मेंदूज्वर होई. 2002 साली एकालाही झाला नाही. सगळ्यांचे डोस काही वेळेवर झाले नव्हते. पण लस घेतलेल्या मुलाच्या घशात हा जंतू सहसा ठाण मांडत नाही, त्यामुळे शेजारचं बाळही वाचतं.

आपल्या देशात सरकारी लसीकरणात ही लस डिसेंबर 2011 मध्ये केरळ आणि तमिळनाडूत आली, मग टप्प्याटप्प्याने महाराष्ट्रासह सगळीकडे.

तर सूनबाई, पाचवा रोग तुम्हाला दिसत नाही, तो या सुईमुळेच. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, तिन्ही डोस पुरे करा. एखादा चुकला असेल तर कार्ड घेऊन आशाताईंना भेटा. आणि मेंदूज्वर इतर जंतूंमुळेही होतो. तापात बाळाची टाळू फुगली, मान ताठ झाली, झटके आले किंवा बाळ दूध पिईनासं झालं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.