उतरलेली सांखळी

इसवी सन २०१० च्या जुलै महिन्याची १९ तारीख. फ्रान्सच्या दक्षिण सीमेवर पिरनीज पर्वतांत 'पोर द बालेस' नांवाचा एक अवघड घाट आहे. 'तूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध सायकल-शर्यतीचा पंधरावा टप्पा त्या दिवशीं या घाटावरून जात होता. लक्झेम्बर्गचा अॅण्डी श्लेक हा सर्वांच्या पुढें असून अग्रेसराचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता; स्पेनचा आल्बेर्तो कोन्तादोर एकूण वेळांत त्याच्या मागें अवघा ३१ सेकंद होता. माथा जवळ येतांच श्लेकनें मुसंडी मारली, आणि त्याच वेळीं त्याच्या सायकलीची सांखळी दंतचक्रावरून उतरली. पाय फिरत होते, पण चाकास गति मिळेना. अखेर त्या चढावर खालीं उतरून त्याला स्वतःच्या हातांनीं सांखळी बसवावी लागली. शाळेच्या वाटेवर कोणत्याहि मुलाला जें करावें लागतें, तेंच त्या धुरंधरालाहि करावें लागलें! तेवढ्यांत कोन्तादोर पुढें निघून गेला. घाट उतरून लुशों गांवीं पोहोंचेपर्यंत श्लेकचे ३९ सेकंद गेले, आणि पिवळा सदरा ८ सेकंदांच्या फरकानें कोन्तादोरकडे आला.

ही पीडा सायकलीच्या जन्मापासूनची मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकांतील उंच चाकाच्या सायकलीस सांखळीच नव्हती. पेडल पुढच्या चाकाच्या कण्यालाच जोडलेलें असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हां वेग हवा असेल तर चाकच मोठें करावें लागे. एवढ्या उंचीवर बसलेला स्वार चाक दगडाला अडतांच डोक्यावर आपटे. इंग्लंडांत हॅरी लॉसन यानें १८७९ सालीं मागच्या चाकास सांखळीनें गति देणारी सायकल काढली. १८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनॉल्ड यानें लहान रुळांची, कमी झिजणारी सांखळी तयार केली. आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याची 'रोव्हर' आली. पुढें मोठें दंतचक्र, मागें लहान, आणि मधें सांखळी, अशा योजनेमुळें पायाच्या एका फेऱ्यांत चाकाचे दोन-तीन फेरे होऊं लागले. दोन्ही चाकें सारखीं झालीं, स्वार जमिनीजवळ आला. पूर्वीं स्वार पडत असे. आतां सांखळी पडूं लागली. सौदा वाईट नव्हता.

सपाटीवर चालणारी ही योजना चढावर मात्र अपुरी पडे. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पोल द व्हीव्ही हे गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें सायकलीविषयीं लिहीत. त्यांनीं पुढें लहानमोठीं दोन दंतचक्रें बसविलीं व सांखळी एकावरून दुसऱ्यावर बोटांनीं उचलून ठेवूं लागले. म्हणजे जी गोष्ट इतरांना अपघात वाटे, ती त्यांनीं हेतुपुरस्सर केली! पुढें हेंच काम करणारें यंत्र निघालें. त्याचें फ्रेंच नांव 'डिरेलर', म्हणजे रुळांवरून घसरविणारा. सांखळी घसरविणें हेंच ज्याचें काम, त्याच्या हातून ती कधीं नको त्या जागीं घसरली तर नवल कोणतें?

'तूर'चे जनक आंरी देग्रांज यांना असलीं यंत्रें मान्य नव्हतीं. खरा सायकलपटु स्नायूंच्या बळावर जिंकतो, अशी त्यांची धारणा. त्यामुळें १९३६ पर्यंत स्पर्धक घाटाच्या पायथ्याशीं उतरत, मागचें चाक काढत, व दुसऱ्या बाजूचें दंतचक्र सांखळीखालीं येईल असें उलटें बसवीत. त्यांचा बाणेदारपणा मान्य करूनहि हा हट्टच म्हणावा लागेल. १९३७ सालीं ती बंदी उठली, आणि त्याच वर्षीं रोजे लापेबी डिरेलरच्या साहाय्यानें जिंकला. १९४८ चा विजेता इटलीचा जीनो बार्ताली याचें कांपान्योलो यंत्र तर विलक्षणच होतें. चालत्या सायकलीवर हात मागें नेऊन एका दांड्यानें चाकाचा कणा सैल करावयाचा, दुसऱ्यानें सांखळी सरकवावयाची, आणि हें करतांना पेडल उलटें फिरवावयाचें!

आधुनिक डिरेलरच्या सायकलींत मागील बाजूस स्प्रिंगची भुजा सांखळी ताणून धरते. खड्डयाचा धक्का बसला, किंवा पायावर पूर्ण जोर असतांना दंतचक्र बदललें, कीं सांखळी उडते. ती आंतल्या बाजूस पडली असेल तर जोर न करतां मोठ्या दंतचक्राकडील कळ दाबून हलकेच पेडल मारावें. पुष्कळदां ती आपोआप चढते. न चढल्यास खालीं उतरून मागची भुजा पुढें ढकलावी, म्हणजे सांखळी सैल होते. मग ती पुढच्या दंतचक्राच्या खालच्या दांत्यांवर ठेवून पेडल हातानें उलटें फिरवावें. बोटें दांत्यांपासून दूर असावींत. श्लेकसारखी घाई झालेल्या माणसाचे हात नेमके येथेंच चुकतात.

पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या काळ्या, उंच सायकलीला अशी भुजा नसते. तिची चेन उतरते ती बहुधा झिजून सैल झाल्यामुळें. तेथें प्रथम मागच्या दंतचक्रावर व नंतर पुढच्यावर चेन चढवावी, आणि घरीं पोहोंचल्यावर मागच्या चाकाच्या चाक्या सैल करून चाक सरळ मागें ओढावें. मध्यभागीं चेन अर्धा इंच खालींवर हलेल, इतका ढिलेपणा ठेवून चाक्या आवळाव्या. फार ताणल्यास ती जड चालते व लवकर झिजते.

पिवळा सदरा घातलेल्याच्या सायकलीवर संकट आलें तर प्रतिस्पर्ध्यांनीं त्याचा फायदा घेऊं नये, असा 'तूर'चा अलिखित संकेत आहे. त्या संध्याकाळीं सदरा स्वीकारतांना कोन्तादोरला प्रेक्षकांची हुर्यो ऐकावी लागली. सांखळी पडल्याचें आपणांस तेव्हां कळलें नव्हतें, असें त्याचें म्हणणें. तरी त्याच रात्रीं त्यानें जाहीर माफी मागितली. पॅरिस येथें शर्यत संपली, तेव्हां दोघांतील अंतर बरोबर ३९ सेकंद भरलें. पुढें कोन्तादोरच्या त्याच शर्यतींतील तपासणींत निषिद्ध द्रव्य आढळल्यावरून फेब्रुवारी २०१२ मध्यें क्रीडा-लवादानें त्याचें विजेतेपद काढून घेतलें. त्याच वर्षीं २९ मे रोजीं लक्झेम्बर्गमधील मोन्दोर्फ-ले-बें या गांवीं एका लहानशा समारंभांत श्लेकला पिवळा सदरा देण्यांत आला. शर्यत संपून तोंवर बावीस महिने लोटले होते.