गोंधळ लक्षात राहिला, नाच हरवला

कुलूहून मनालीला जाताना बियास नदीच्या डाव्या तीरावर नग्गर नावाचं गाव लागतं. तिथं निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराचं घर आहे. १९२८च्या अखेरीस ते तिथं राहायला आले आणि १९४७मध्ये तिथंच वारले. त्यांचा मुलगा स्वेतोस्लाव, त्याच्याशी देविकाराणींनी १९४५मध्ये लग्न केलं. हो, मालाडच्या बॉम्बे टॉकीजवाल्या देविकाराणी. मी त्या घरात हिमालयाची निळी-जांभळी चित्रं बघत होतो, आणि डोक्यात मात्र पॅरिसमधली एक संध्याकाळ घोळत होती. त्या संध्याकाळच्या एका नव्या बॅलेची कल्पना रचण्यात रोरिकांचा वाटा होता. त्याचे पडदे आणि पोशाखही त्यांचेच.

तारीख २९ मे १९१३. शांझेलिझे थिएटर उघडून जेमतेम दोन महिने झालेले. द्यागिलेव यांच्या रशियन बॅले कंपनीचा खेळ होता. पूर्वी पीटर्सबर्गच्या शाही थिएटरात एकच कथा रात्रभर चाले. या कंपनीनं एका संध्याकाळी तीन-चार छोटे बॅले दाखवायची पद्धत रुळवली. त्या दिवशी चार होते. तीन मिखाइल फोकिन यांनी बसवलेले, पॅरिसच्या ओळखीचे. दुसऱ्या क्रमांकावर होता नवा, 'द राइट ऑफ स्प्रिंग', म्हणजे वसंताचा विधी. संगीत स्त्राविन्स्कीचं, नृत्यदिग्दर्शन वात्स्लाव निजिन्स्कीचं.

निजिन्स्की पंचविशीसुद्धा न गाठलेला. पॅरिसनं त्याला डोक्यावर घेतलं होतं ते त्याच्या उडीसाठी. उडी मारली की हा माणूस हवेतच थांबतो, असं लोक म्हणत. बॅलेचं सगळं शिक्षण तरी काय असतं? पावलं बाहेरच्या बाजूला वळवायची, शरीर हलकं करायचं, जमिनीशी नातंच नाही असं दाखवायचं. याच माणसानं नर्तकांची पावलं आत वळवली, गुडघे वाकवले, पाठी झुकवल्या आणि त्यांना जमिनीवर थडाथड आपटत नाचायला लावलं. प्राचीन रशियातली टोळी वसंतासाठी एका मुलीला निवडते आणि ती नाचत नाचत मरते, एवढीच कथा. तिथं परीसारखं तरंगून कसं चालेल?

तालमींचे हाल विचारू नका. आपल्याकडे तबल्याची साथ असली की सम कुठं येणार ते अंगाला कळतं. इथं एकच स्वरसंघात सारखा वाजतोय आणि आघात मात्र भलत्याच मात्रेवर, पुढच्या खेपेला आणखी कुठंतरी. नर्तक वैतागले. शेवटी ताल शिकवायला मारी रॅम्बर्ट नावाची तरुणी आणली. मंडळींनी तिचं नाव ठेवलं 'रिदमिच्का', म्हणजे आपली ताल-ताई म्हणा!

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. पडदा उघडण्याआधीच हशा सुरू झाला, मग आरडाओरडा, मग प्रेक्षकांत आपापसांत जुंपली. द्यागिलेवनी दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून आकडे मोजत होता. स्त्राविन्स्कीनं पुढं लिहिलं की रशियन भाषेत दहानंतरचे आकडे लांबलचक. वेगात त्यांचा काय उपयोग? वाद्यवृंद चालवणारे प्येर मोंतो मात्र थांबले नाहीत. बॅले शेवटपर्यंत झाला. आणि त्यानंतर त्याच प्रेक्षकांनी उरलेले दोन बॅलेही पाहिले. ही गोष्ट दंगलीच्या वर्णनात सहसा कुणी सांगत नाही.

दंगल संगीतामुळं झाली, असं आपण वाचत आलो. मला ते पटत नाही. त्या गदारोळात संगीत धड ऐकूच येत नव्हतं, असं तिथं बसलेलेच सांगतात. दिसत होता तो नाच. शिवाय यातल्या कित्येक आठवणी पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. पुढचे प्रयोग त्यामानानं शांतपणे झाले. जुलैमध्ये लंडनला तीन झाले. पॅरिस, लंडन मिळून दहासुद्धा भरले नाहीत.

सप्टेंबरमध्ये निजिन्स्कीनं ब्युनोस आयर्सला लग्न केलं आणि द्यागिलेवनी त्याला कंपनीतून काढून टाकलं. त्याच्याबरोबर त्याचा नाचही गेला. संगीत कागदावर होतं, ते जगलं. १९१४च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये ते नुसतं मैफिलीत वाजलं, तेव्हा लोकांनी स्त्राविन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवलं. १९२०मध्ये द्यागिलेवनी बॅले पुन्हा करायचं ठरवलं, तर पावलं कुणालाच आठवेनात. अवघ्या सात वर्षांत! मग लेओनिद मासीन यांच्याकडून सगळं नव्यानं बसवून घेतलं. तोवर निजिन्स्कीचं मानसिक आजारपण सुरू झालं होतं. १९५०मध्ये तो लंडनला गेला.

चटका लावणारी गोष्ट अशी की या माणसाला नृत्य लिहिता येत होतं. त्यानं स्वतःची लिपी बनवली होती. आपला आधीचा बॅले, 'फॉन', त्यानं तीत पूर्ण उतरवला, आणि १९८०च्या दशकात अभ्यासकांनी ती वाचलीही. 'राइट'चं असं काहीच नाही.

मिलिसेंट हॉडसन या नृत्यअभ्यासिकेनं वर्षानुवर्षं तुकडे गोळा केले. स्वरलिपीच्या कडेला रॅम्बर्टनं केलेल्या नोंदी, व्हॅलेंटाइन ग्रॉसनं काढलेली रेखाटनं, जुन्या नर्तकांच्या आठवणी. नेपथ्य आणि पोशाख केनेथ आर्चर यांनी उभे केले. ३० सप्टेंबर १९८७ला लॉस एंजेलिसमध्ये जॉफ्री बॅलेनं तो सादर केला. त्याचं चित्रण मी तीनदा पाहिलंय. अंगावर काटा येतो, पण दोन नोंदींमधल्या हालचाली कुणीतरी आज भरल्यात हे विसरता येत नाही. मी त्याला निजिन्स्कीचा नाच म्हणणार नाही. काही जाणकार म्हणतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पोशाख मात्र खरे उरले आहेत. त्यातले बरेचसे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. रोरिकांचे ते जाड लोकरी अंगरखे, त्यांवर रंगवलेली वर्तुळं आणि पट्टे. मे महिन्यात ते अंगात घालून उड्या मारायच्या होत्या.