जावास्क्रिप्टमधला वारसा : 'सुपर' आधी, 'धिस' नंतर

जावास्क्रिप्टमध्ये एका क्लासच्या आधारावर दुसरा क्लास तयार करता येतो. याला इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणतात. भाषा १९९५ ची असली तरी 'क्लास' आणि 'एक्स्टेंड्स' हे शब्द तिच्यात २०१५ साली (ईएस६) आले. त्याआधी हेच काम प्रोटोटाइप हाताने जोडून करावे लागे.

समजा, खानदेशातल्या पिकांची नोंद ठेवायची आहे. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलची केळी, धुळे जिल्ह्यात शिंदखेड्याचा कापूस. तालुका आणि एकर ही माहिती दोन्हींना लागतेच. म्हणून ती 'पीक' या पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवायची. 'केळी' आणि 'कापूस' हे क्लास 'पीक'ला एक्स्टेंड करतात. केळीत खोडांची संख्या वाढते, कापसात वेचण्यांची. (क्लासची नावे देवनागरीत दिली तरी चालतात, भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.)

नवशिके अडकतात ते इथे. केळीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत 'धिस.खोडे' लिहिले की रेफरन्स एरर येते. कारण वस्तू केळीचा कन्स्ट्रक्टर बनवत नाही, ती पालकाकडे तयार होते. 'सुपर(तालुका, एकर)' चालून परत येईपर्यंत 'धिस' अस्तित्वातच नसते. 'सुपर'च्या आधी दुसरी ओळ लिहिता येते, उदाहरणार्थ हेक्टरचे एकर करणे. फक्त 'धिस'ला हात लावायचा नाही. केळीत कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तर जावास्क्रिप्ट स्वतःहून सगळ्या किमती पालकाकडे पाठवते.

ही एरर निदान लाल अक्षरांत दिसते. 'सुपर(तालुका)' एवढेच लिहून एकर विसरलात, तर काहीच ओरडत नाही. एकर 'अनडिफाइन्ड' राहते आणि पुढे एकराला उताऱ्याने गुणले की उत्तर 'नॅन' येते, म्हणजे 'ही संख्याच नाही'. चूक कन्स्ट्रक्टरमध्ये, दिसते हिशेबात.

आणखी एक खोच आहे. 'पीक'च्या कन्स्ट्रक्टरने 'माहिती' ही मेथड बोलावली आणि केळीने तीच मेथड नव्याने लिहिली असेल, तर केळीचीच चालते. त्या वेळी खोडांची संख्या भरलेली नसते. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त किमती भराव्यात, कामे बाहेर ठेवावीत.

वारसा म्हटले की आपल्याला वाटणी आठवते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आजचे जळगाव आणि धुळे त्यातूनच आले. ती वाटणी होती. जावास्क्रिप्टमध्ये मेथड वाटून दिली जात नाही, तिची प्रतही निघत नाही. ती 'पीक'कडेच राहते आणि केळी-कापूस गरज पडली की तिथे जाऊन शोधतात. उद्या 'पीक'मधली मेथड बदलली की दोघांनाही नवी मिळते.

'केळी हे एक पीक आहे' हे वाक्य खरे आहे, म्हणून इथे एक्स्टेंड शोभते. 'रावेर हा एक जिल्हा आहे' असे कोणी म्हणत नाही; रावेर जळगाव जिल्ह्यात आहे. त्यामुळे 'तालुका' हा क्लास 'जिल्हा' क्लासला एक्स्टेंड करू नये; जिल्ह्याच्या आत तालुक्यांची यादी ठेवावी.