फळावर आलेला आळ

पावसाळ्याच्या तोंडावर बोरिवली स्थानकाबाहेर राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांवरच्या बायका जांभळांच्या टोपल्या घेऊन बसतात. पानावर मूठभर जांभळे, वर चिमूटभर मीठ. हे जांभूळ ‘शुगरवाल्यांना चांगले’ म्हणून हातोहात खपते. चार पावलांवर केळ्यांची गाडी असते. तिच्याकडे मात्र तोच गिऱ्हाईक पाठ फिरवतो आणि पुढच्या टपरीवर वडापाव खाऊन वर गोड चहा घेतो. मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड फळांवर, हा अंधेरी-घाटकोपरपासून बोरिवली-मुलुंडपर्यंतच्या घरांतला रिवाज इतका रुळला आहे की तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असावा असे वाटते. तो तसा नाही. ही फळबंदी फार तर शंभर वर्षांची आहे. रक्तातली साखर घरच्या घरी मोजता येत नव्हती तेव्हा ती सोयीची ठरली, उपनगराचे एकूण खाणेपिणे पालटले तेव्हा ती बळावली, आणि त्या पालटाचे खापर सरसकट फळांवर फुटले, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या वैद्यकात या बंदीला आधार शोधायला गेले तर हाती वेगळेच लागते. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगसमूहाची, कारणे सांगताना बैठे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ अशी नावे येतात. फळांचे नाव त्या प्रसिद्ध यादीत नाही. सुश्रुतसंहिता तर उलट टोकाला जाते. प्रमेहाच्या रोग्याने लांबच लांब पायपीट करावी, विहीर खणावी, आणि जो धनवान असेल त्याने वऱ्यासारख्या रानधान्यावर, आवळा, कवठ, टेंभुर्णी, आपटा यांच्या फळांवर हरणांच्या सोबतीने राहावे, असे ती सांगते. यावर कोणी म्हणेल की ही सगळी तुरट-आंबट फळे; कवठावरून हापूसचे समर्थन कसे होईल? हरकत रास्त आहे, आणि जांभळाला आजही जी वेगळी वागणूक मिळते तिचे मूळ बहुधा याच तुरट फळांच्या मान्यतेत असावे. पण मग त्यातून निघतो तो निवडीचा नियम. ‘कोणते फळ’ हा प्रश्न तिथे जागा आहे. ‘फळ नकोच’ हे उत्तर तिथे नाही. (जांभळात साखर नसते असेही नव्हे. टोपलीभर खाल्ले तर तेही रक्तात दिसतेच.)

ही उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटावरही फळांना तोटा नव्हता. आजची अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध असलेली पवईची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी यांच्याकडे होती. तिथे त्यांनी आंबाही लावला आणि ऊसही. १८३८ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला मुंबईचे आंबे धाडले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. गोराई-मनोरीचे ताडगोळे, रानातली करवंदे, वसई-आगाशीच्या वाड्यांतली केळी आणि राजेळीची सुकेळी, पुढे रेल्वेने येणारा डहाणू-घोलवडचा चिकू, अशी ही सगळी पट्टी फळांचीच. मात्र त्या खाण्याला हंगामाचा लगाम होता. करवंद महिना-दीड महिना, जांभूळ त्याहून कमी. आंबा आला की आला आणि पहिल्या पावसाबरोबर गेला. बोर, कैरी, चिंच ही फळे चालता-बोलता, मिठाशी, जेवणाच्या आगेमागे खाल्ली जात. त्यामुळे त्या काळी मधुमेह कमी होता असा दावा मी करणार नाही. भातखाचरांत आणि मिठागरांत राबणारी माणसे बेतानेच खात, फार वर्षे जगत नसत, आणि त्यांची लघवी तपासायला कोणी बसलेले नव्हते. एवढेच म्हणता येते की फळ हा संशयित नव्हता. १९०७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेत उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हाही बोट दाखवले गेले ते बैठ्या सुखवस्तू वर्गाकडे, त्याच्या भाताकडे आणि गोडधोडाकडे.

हे बैठे आयुष्य उपनगरात आगगाडीने आणले. ५ जानेवारी १९२८ रोजी विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींच्या सोसायट्या. दिवस गाडीच्या वेळापत्रकाने बांधला गेला आणि त्या वेळापत्रकात बसणारे खाणे म्हणजे चहा, पाव, बिस्किट, बटाटावडा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढच्या दशकांत महाराष्ट्र साखरेचे आगर बनला. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला की तीस-पस्तीस ग्रॅम साखर पोटात जाते. मध्यम हापूसच्या गरात ती वीसेक ग्रॅम असते, आणि आंबा वर्षातून दोन महिने, चहा तीनशे पासष्ट दिवस. उपासाचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा माल थांबला आणि तामिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा बनवण्याचा धंदा उभा राहिला. आज एकादशीला बहुतेक घरांत साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा असतो. ज्या दिवशी फळ खायचे त्या दिवशीही फळ बाजूला सरकले आणि जवळजवळ शुद्ध पिठूळ पदार्थाला पावित्र्य मिळाले. मधुमेही माणूस ती खिचडी निःशंकपणे खातो, शेजारच्या केळ्याला मात्र घाबरतो.

ही भीती आली कुठून? १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला. त्याआधीच्या काही वर्षांत मधुमेहावर मुख्य उपाय होता: उपाशी ठेवणे. अमेरिकेतले फ्रेडरिक ॲलन रुग्णाला जवळजवळ उपासावर ठेवत. भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळून, पिठूळ अंश काढून दिल्या जात. तिथे फळाला जागा असणे शक्यच नव्हते. इन्शुलिन आल्यावर चित्र बदलायला हवे होते आणि लंडनमध्ये काही अंशी बदललेही. स्वतः मधुमेही असलेल्या डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी अन्नाची मापे ठरवून दिली आणि फळही त्या मापात बसवले. भारतीय फळांचे पोषणमूल्य सांगणारे कोष्टकही कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. पण तराजू, कोष्टक आणि हिशेब हे ज्याच्या स्वयंपाकघरात आहे त्याच्यासाठी ते माप. चाळीतल्या रुग्णाच्या हाती होती लघवीतली साखर दाखवणारी बेनेडिक्टची परीक्षा. परीक्षानळीत निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळा राहिला तर सुटका. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी, अशी शिक्षेची चढती पायरी. या परीक्षेचा दोष असा की रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी ती कुठल्या घासाने वाढली हे कळायला मार्ग नसतो. सकाळचा भात, दुपारचा चहा आणि रात्रीचे केळे यांच्यातला गुन्हेगार ओळखायचा तर जीभ हाच साक्षीदार उरतो. जिभेने गोड लागणाऱ्या वस्तूचे नाव घेतले. भात आणि पाव गोड लागत नाहीत, म्हणून ते सुटले.

डॉक्टरांना यात सरसकट दोष देणे मला पटत नाही. १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, डॉ. एस. एस. आजगावकरांसारख्यांनी रुग्णशिक्षणासाठी हयात वेचली. पण गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळतात काही मिनिटे. तेवढ्यात ‘अर्धे फळ, जेवणापासून दूर, दोन तासांनी तपासा’ हे समजावण्यापेक्षा ‘फळे बंद’ सांगणे सोपे, आणि लक्षात ठेवणे त्याहून सोपे. फळबंदीची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत दमदार मुद्दा हाच आहे: माप पाळणार कोण? एक फोड म्हणता म्हणता आंबा संपतो. पण हा मुद्दा भातालाही तितकाच लागू आहे, आणि भात बंद करा असे क्वचितच कोणी सांगते. शिवाय आता बोटातून थेंब काढून मोजणारे यंत्र घरोघरी आले आहे. केळ्याने साखर किती चढली आणि पोह्यांनी किती, हे ज्याचे त्याला पाहता येते.

दुसरी हरकत अशी की आजचे फळ ते जुने फळ नाही. यात तथ्य आहे. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीतून फळबाग योजना आणली आणि लागवड झपाट्याने वाढली. १९९६ मध्ये घाऊक फळबाजार वाशीला गेला. २००१ पर्यंत आयातीवरचे निर्बंध उठले आणि अंधेरीच्या फुटपाथवर बारमाही परदेशी सफरचंदे दिसू लागली. हंगामाचा लगाम सुटला. माझ्या मते त्याहून मोठा बदल खाण्याच्या रीतीत झाला. चिकू शेकमध्ये गेला, मोसंब्याचा ज्यूस झाला, आणि आमरस पुऱ्यांच्या चळतीसोबत, भाताच्या आधी, वामकुक्षीच्या तोंडावर पोटात जाऊ लागला. त्या जेवणानंतर साखर चढली तर एकट्या आंब्यावर आरोप ठेवणे अन्यायाचे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अख्खी फळे, विशेषतः सफरचंद, द्राक्षे, ब्लूबेरी, खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी दिसला आणि रस पिणाऱ्यांत जास्त. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये नव्याने मधुमेह निघालेल्या ६३ जणांपैकी काहींना दिवसाला किमान दोन फळे खायला सांगितली, काहींना जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत एकमेकांपेक्षा फरक दिसला नाही. चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत, २०१७ मध्ये, मधुमेह असूनही ताजी फळे नियमित खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

हे अभ्यास आपल्याकडचे नाहीत, आणि पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. फळ खाणारा माणूस इतर बाबतींतही जपून वागत असेल. आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षे यांना पेरू-पपईची मोकळीक देता येणार नाही, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर पोटॅशियममुळे केळे आणि शहाळे खरोखरच आवरावे लागते. पण बंदीने काय साधले तेही पाहावे. १९७०च्या दशकातल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत शहरांत मधुमेहाचे प्रमाण २.१ टक्के होते; २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशभर ते ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींच्या वर माणसे. फळ टाळून ही वाढ अडली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांत दिवसाला शंभर ग्रॅम फळ सांगितले आहे. लहान पेरूचे वजन साधारण तेवढेच भरते. तेव्हा पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ‘फळ खाऊ का?’ असे विचारू नका. कोणते, किती आणि कशासोबत, हे विचारा, आणि त्याच दमात चहातल्या साखरेचा व ताटातल्या भाताचा हिशेबही डॉक्टरांपुढे ठेवा.