१८७५ चा दंगा व जळालेलीं कर्जखतें

इ. स. १८७५ सालीं पुणें व नगर (आजचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध केलेला दंगा इतिहासज्ञांस परिचित आहे. परंतु जुन्या कागदांच्या संग्राहकानें त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा विचार झालेला आमच्या वाचनांत नाहीं. म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्रथम कारणपरंपरा. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपून तेथील कापूस विलायतेस पोंचेना. तेव्हां इकडील कापसाचे भाव चढले व सावकार मुक्तहस्तानें कर्ज देऊं लागले. १८६५ त युद्ध संपलें, भाव उतरले, सावकाराचा हात आंखडला. १८६७ पासून फेरजमाबंदीनें साराहि वाढूं लागला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताची मुदत तीन वर्षें ठरली होती. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, पण फल विपरीत! थकलेलें व्याज मुदलांत मिळवून दर तीन वर्षांनीं नवें खत होई, व निरक्षर कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करी.

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें, बाजाराच्या दिवशीं, भडका उडाला. लवकरच तो पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पोंचला. एकंदर ९५१ इसमांस अटक झाली. तथापि दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवावर नसून त्याच्या दप्तरावर होता. खतें व वह्या हातीं येतांच त्यांची होळी होई. जेथें तीं निमूटपणें दिलीं गेलीं, तेथें मारहाण बहुधा टळली.

दूरच्या बाजारावर पोट अवलंबून असलें कीं असे प्रसंग कोठेंहि ओढवतात. मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशांत १९२९ नंतर कॉफीचे भाव कोसळले, आणि जानेवारी १९३२ त तेथील पश्चिम भागांतील शेतकरी उठले. सैन्यानें हजारों माणसें ठार केलीं. इकडे मात्र चौकशीमंडळ नेमलें गेलें व १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यान्वयें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहतां येऊं लागला.

येथेंच आमचा मुद्दा येतो. मुळापासून हिशेब पाहावयाचा, तर जुनीं खतें हवींत; आणि तींच अग्नीच्या मुखीं पडलेलीं! ज्या ज्वाळांनीं आपण ऋणमुक्त झालों असें कुणब्यास वाटलें, त्यांनींच त्याच्या गाऱ्हाण्याचा पुरावाहि नेला. उरलीं तीं पुढें रद्दींत गेलीं. नगरलगतच्या सावेडींत राहून अशीं मोडी दप्तरें वजनावर विकलीं जातांना आम्हीं पाहिलीं आहेत. आपण संग्राहक सनदा व महजर जिवापाड जपतों, आणि कर्जखत क्षुद्र म्हणून टाकतों. परंतु एकाच कुळाचीं तीन-तीन वर्षांच्या अंतरानें लिहिलेलीं चार खतें ओळीनें लावलीं, तर मुद्दल कसें फुगत गेलें हें तीं स्वमुखानें सांगतील. वाचकांनीं आपापल्या संग्रहांतील अशीं खतें वेगळीं काढून त्यांची यादी करावी, एवढीच विनंती.