नाहूर गांवचा जमाखर्च

ज्या गांवास रेल्वेचें स्टेशन नाहीं त्यास इतिहासही नाहीं, अशी आपल्या शहरवासी मनाची एक समजूत होऊन बसलेली असते. भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान वसलेल्या नाहूर या गांवाची या समजुतीनें बरीच उपेक्षा केली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तेव्हां १४ डबे व सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे घेऊन ती नाहूरच्या शिवारांतूनच पुढें गेली. पण नाहूर येथें गाडी थांबूं लागली ती २००६ सालीं. म्हणजे १५३ वर्षें या गांवानें गाड्या केवळ जातांना पाहिल्या. मौज अशी कीं, हा लोहमार्ग बांधावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांस १८४३ सालीं सुचली ती शेजारच्या भांडुप येथील मुक्कामांत, असें मुंबईच्या गॅझेटियरांत नमूद आहे. या दीड शतकांत अशा गांवीं राहण्यास काय खर्च येत होता, आणि त्या खर्चाच्या मोबदल्यांत आयुष्य कसल्या प्रतीचें मिळत होतें, हा प्रश्न आम्हीं या लेखापुरता हातीं घेतला आहे. तहांचा व लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. वाण्याच्या वहीचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहीत नाहीं.

या पट्टीचा मूळ जमाखर्च भात आणि मीठ या दोन पिकांचा. पश्चिमेस विहार तलावाच्या अंगचे डोंगर, पूर्वेस ठाण्याची खाडी, आणि मध्यें भातखाचरें व खाजणें, अशी साष्टी बेटाच्या या बाजूची रचना आहे. पावसाळ्यांत भात पिकवावें आणि कापणी उरकल्यावर मिठागरांकडे वळावें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, तें एका कोंडींतून दुसरींत उतरवीत उन्हानें आटवावयाचें, शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरूं लागलें कीं तें ओढून त्याचे ढीग घालावयाचे, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं सर्व आटोपावयाचें. आगर राखणारे ते आगरी, अशी त्या ज्ञातीच्या नांवाची उपपत्ति सांगतात. या व्यवहारांत रोख पैशास स्थान थोडें होतें. भात घरचें, मासळी खाडीची, सरपण डोंगराचें. रोख पैसा लागे तो सारा, कापड आणि लग्नकार्य यांपुरता. अशा कुटुंबाचा ‘राहणीचा खर्च’ किती, हें रुपयांत सांगूं जाणें म्हणजे विहिरीचें पाणी गजानें मोजण्यासारखेंच होय.

तरीही एक खर्च असा होता कीं जो सरकारनें या लोकांच्या दारांत आणून ठेविला होता. मिठावरील कर! १९२३ सालीं हा कर मणास सव्वा रुपयावरून एकदम अडीच रुपये करण्यांत आला. मध्यवर्ती कायदेमंडळानें ती वाढ नाकारली असतां व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारानें ती अमलांत आणली. पुढच्याच सालीं ती मागें घ्यावी लागली. पण कर म्हणून जो होता तो १९४७ पर्यंत राहिला. स्वतःच्या हातांनीं मीठ पिकविणाऱ्यानें तेंच मीठ करासकट विकत घेऊन आपल्या आमटींत घालावें, याहून महागाईचें बोलकें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. १९३० सालीं विलेपार्ले येथें सत्याग्रहाची छावणी पडली आणि वडाळ्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले, तेव्हां साष्टींतील आगऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची कोणास गरज भासली नसावी.

राहणीच्या खर्चाचें शास्त्रशुद्ध मोजमाप आपल्या इलाख्यांत सुरू झालें तें मात्र मुंबई शहरांत. पहिल्या महायुद्धानंतर भाव चढले, गिरण्यांतून संप होऊं लागले, आणि मजुरांची मागणी रास्त आहे कीं नाहीं हें ठरविण्यास सरकारपाशीं आंकडेच नाहींत असें दिसून आलें. त्यांतून १९२१ सालीं मजूर कचेरी स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख फिंडले शिरास यांनीं १९२१-२२ मध्यें मुंबईंतील २,४७३ मजूर-कुटुंबांचे खर्च तपासविले व १९२३ सालीं त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. महिना सरासरी सुमारें ५२ रुपये मिळविणाऱ्या या कुटुंबांच्या खर्चापैकीं शेंकडा ५६.८ अन्नावर, ९.६ कपड्यांवर, ७.४ सरपण व दिवाबत्तीवर आणि अवघा ७.७ घरभाड्यावर जात होता. हा शेवटचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. घरभाडें इतकें स्वस्त कां? तर शेंकडा ९७ मजूर एकाच खोलींत राहत होते म्हणून. त्याच अहवालांत असेंही नमूद होतें कीं, मुंबईचा मजूर दुष्काळी कामावर मिळणाऱ्या धान्याइतकें धान्य खातो खरा, पण तुरुंगांतील कैद्यास नियमानें मिळणाऱ्या शिध्याहून तें कमी भरतें. एका सरकारी कचेरीनें हें लिहावें आणि सरकारनें तें छापावें, ही गोष्ट आजच्या अहवालांच्या मानानें आम्हांस मोठी धीटपणाची वाटते.

या अहवालाच्या कोष्टकांत नाहूर नव्हतें. असण्याचें कारणही नव्हतें. परंतु त्याच सुमारास शहराचा एक एक थर उपनगरांकडे सरकूं लागला होता. १८९६ च्या प्लेगानें दाटीची भीति मनांत घातलीच होती. १९१५ सालीं गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली आणि बिऱ्हाडकरूसही घराचा मालक होतां येतें हें मध्यमवर्गास दिसलें. १९२२ च्या सुमारास मुलुंडास क्राउन आणि कार्टर या स्थापत्यविशारदांनीं काटकोनांत रस्ते आंखून दिले. साष्टींत भाडें कमी, हवा मोकळी, अंगणांत तुळस लावण्याइतकी जागा, असा हा सौदा होता.

पण या सौद्याचें दुसरें पान कोणीच उघडून पाहत नसे. नाहूर गांवांतून भांडुपचें किंवा मुलुंडचें स्टेशन गांठावयाचें म्हणजे सुमारें मैलभराची पायपीट. जातांना २५ मिनिटें आणि येतांना २५ मिनिटें धरलीं, व वर्षाचे कामाचे दिवस ३०० मानले, तर केवळ स्टेशनापर्यंतच्या चालण्यांत वर्षाकाठीं २५० तास जातात. आठ तासांचा एक दिवस या हिशेबानें हा पुरा एक महिन्याचा रोजगार झाला. शिवाय गाडींतील वेळ निराळाच. भाड्यांत जो पैसा वांचला तो पायांनीं फेडला, आणि त्याहीपेक्षां अधिक घरांतील बाईनें फेडला. कारण सातच्या गाडीस डबा द्यावयाचा तर चूल पहाटेंच पेटली पाहिजे, आणि चुलीपूर्वीं विहिरीवरून पाणी आलें पाहिजे. तानसा तलावाचे प्रचंड नळ १८९२ पासून साष्टींतील याच पट्टीवरून मुंबईस पाणी नेत होते. पण ते टाकले होते शहराकरितां. निर्देशांकाच्या कोणत्याही सदरांत हंड्यांच्या खेपा जमा झालेल्या आमच्या पाहण्यांत नाहींत.

दुसऱ्या महायुद्धानें हिशेबाच्या वह्या पुन्हां विस्कटल्या. २ मे १९४३ पासून मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें आणि शिधापत्रिका ही घराच्या कागदपत्रांइतकीच जपण्याची वस्तु बनली. घरभाडीं १९४० च्या सप्टेंबरांतील पातळीवर बांधणारा कायदा १९४७ सालीं झाला. हेतु उत्तम होता, आणि हजारों कुटुंबें त्यामुळें उघड्यावर पडण्यापासून वांचलीं हें नाकारतां येणार नाहीं. परंतु कागदावरील भाडें गोठलें तशी पागडी वाढत गेली. पागडी घेणें हा त्या कायद्यान्वयें गुन्हा होता. तो गुन्हा सर्वांस ठाऊक असूनही कोणाच्याच वहींत लिहिला जात नव्हता. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडीस मान्यता दिली, तोंवर अर्ध्या शतकाचा हा खर्च अधिकृत आंकड्यांच्या बाहेरच राहिला. ज्या नवपरिणीत जोडप्यापाशीं पागडी नव्हती त्यानें उपनगरची गाडी धरली. आमच्या मतें मुलुंड, भांडुप, घाटकोपर यांच्या वाढींत मोकळ्या हवेच्या ओढीपेक्षां या पागडीचाच वांटा मोठा आहे.

१९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली व नाहूर शहरांत आलें. म्हणजे कागदोपत्रीं आलें. जुन्या आग्रारोडच्या कडेनें याच काळांत कारखाने उभे राहत होते. भांडुपास टायरचा आणि रंगाचा, मुलुंडास औषधी मालाचा, शिवाय लोखंडकामाचे व यंत्रांचे कित्येक. भातखाचरांचा मालक आतां पाळीचा कामगार झाला, आणि त्याच्या पगारांत महागाईभत्ता नांवाचें एक सदर आलें. हा भत्ता निर्देशांकाशीं बांधलेला. पूर्वीं पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांतील मनुष्य आतां मजूर कचेरीच्या दरमहाच्या आंकड्याकडे डोळे लावून बसूं लागला.

आणि तो आंकडाच खोटा निघाला तर? १९६३ सालीं मुंबईंतील कामगारांनीं नेमकी हीच शंका काढली. बाजारांत भाव चढत असतां निर्देशांक जागचा हलत नाहीं हें त्यांस घरांतून कळत होतें. त्यासाठीं अर्थशास्त्र शिकावें लागत नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टांत मुंबई बंद झाली, महाराष्ट्र सरकारनें प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची समिति नेमली, आणि निर्देशांकानें भाववाढ प्रत्यक्षाहून कमी दाखविली असा निर्णय समितीनें दिला. आमच्या दृष्टीनें मुंबईच्या सामाजिक इतिहासांतील हा एक अत्यंत महत्त्वाचा प्रसंग होय, आणि त्याची आठवण जितकी राहावयास हवी तितकी राहिलेली नाहीं. आंकडा चुकला म्हणजे कोणाच्या तरी ताटांतील भाकरी कमी होते, हें त्या वर्षीं सिद्ध झालें. पुढें १९७२ सालीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखालीं मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनीं लाटणीं घेऊन बायकांचे मोर्चे काढले. कामगारांच्या लढ्यांत भत्त्याचा हिशेब होता. बायकांच्या मोर्चांत तेल, साखर आणि रॉकेल यांचा होता. दोन्ही हिशेब एकाच घरांतले.

यानंतरचा भाग बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर घडला असल्यानें विस्तार नको. १९६३ च्या कायद्यानें मालकीच्या सदनिकांस कायदेशीर चौकट मिळाली, आणि गिरगांव-दादरच्या चाळींतील कुटुंबें फंडांतून कर्ज काढून, दागिने मोडून मुलुंड-भांडुपास ‘स्वतःच्या जागेंत’ आलीं. १९८० नंतर कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. आग्रारोडचें नांव लालबहादूर शास्त्री मार्ग झालेंच होतें, आतां त्याच्या कडेस भोंग्यांच्या जागीं मॉल आणि मनोरे आले. २००६ सालीं नाहूर स्टेशन उघडलें तेव्हां ते २५० तास परत मिळाले. पण जमिनीच्या मालकानें ते ताबडतोब भावांत मिळवून घेतले! अंतर महाग होतें तोंवर घर स्वस्त होतें. अंतर स्वस्त झालें तसें घर हाताबाहेर गेलें. गोरेगांव-मुलुंड जोडरस्त्याचें नाहूरच्या अंगास लागणारें टोंक याच क्रियेची पुढची पायरी आहे.

२०१२ हें पायाभूत वर्ष धरून केंद्र सरकारनें जी ग्राहक किंमत निर्देशांकाची मालिका तयार केली, तींत शहरी कुटुंबाच्या खर्चापैकीं अन्नपाण्यास शेंकडा ३६.२९ आणि घरास २१.६७ असा भार दिला होता. शिरास यांच्या ७.७ शेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा. दोन्ही मोजण्यांतील कुटुंबें एका वर्गाचीं नाहींत, एक मुंबईची व एक सर्व हिंदुस्थानच्या शहरांची, म्हणून तंतोतंत तुलना करणें शास्त्रास धरून होणार नाहीं. तरी ओढा कोणीकडे आहे हें दिसतें. आजोबांच्या मिळकतींतील मोठा वांटा वाण्याकडे जात असे, नातवाच्या मिळकतींतील तो बँकेकडे जातो. आणि सदनिका विकत घेण्याचा मूळ खर्च हा निर्देशांक मोजतच नाहीं, तो मोजतो भाडें. तेव्हां वीस वर्षांच्या हप्त्यांत अडकलेल्या गृहस्थास सरकारी महागाई आणि आपली महागाई यांचा मेळ बसेना, तर दोष त्याच्या गणिताचा नव्हे.

हिशेबांत धरावयाची आणखी एक बाजू आहे. मुलुंडच्या खाडीकडील बाजूस पालिकेनें शहराचा कचरा टाकण्याची जागा केली होती. ती अनेक दशकें चालून २०१८ सालीं बंद झाली. त्या वाऱ्याखालीं झोपणाऱ्या घरांच्या भाड्यांत त्याची सूट मिळाली असेल, पण दम्याच्या औषधांची नोंद वेगळ्या सदरांत पडली. उलट भांडुपच्या डोंगरालगत पाणी शुद्ध करण्याचें जें प्रचंड संकुल उभें राहिलें त्यावर आज मुंबईचा फार मोठा भाग अवलंबून आहे. पूर्वेकडील खाडीचा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. नव्या इमारतींच्या जाहिरातींत खाडीचें दर्शन हा आतां किंमत वाढविणारा गुण झाला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या खाडीचें पाणी उघाडींतून आंत घेऊन मीठ पिकविलें, त्यांचीं जुनीं घरें गांवठाणांत तळमजल्यावर आहेत. तेथून खाडी दिसत नाहीं.